आरपीजीचा दुसरा भाग करताय? आधी लढाई, मग लूट

मास इफेक्ट या अंतराळातल्या आरपीजीचा (नायकाची भूमिका घेऊन खेळायच्या गेमचा) पहिला भाग २००७ साली आला तेव्हा खेळाडूला बॅगेत १५० वस्तूच बाळगता यायच्या. मर्यादा गाठली की जुन्या वस्तू वितळवून त्यांचं ओम्नी-जेल करायचं, तेही यादीतून एकेक निवडून. बंदुका ढिगाने मिळायच्या. पण एकाच नावाच्या बंदुकीला एक ते दहा असे रोमन आकडे आणि पुढच्या आकड्याला थोडं जास्त डॅमेज (शत्रूचं नुकसान), एवढाच बऱ्याच बंदुकांमधला फरक. आकाशगंगा वाचवायला निघालेला नायक भंगार निवडत बसायचा. २०१० साली दुसरा भाग आला आणि गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने ती बॅगच काढून टाकली. मग २०१२ साली, तिसऱ्या भागात, त्यातलं हवं तेवढंच परत आणलं.

आरपीजीचा पुढचा भाग करायला बसलेल्या नवख्या माणसाला मी आधी हे तीन भाग ओळीने खेळायला सांगतो. एकच टीम आपल्याच चुका कशा दुरुस्त करते, दुरुस्त करताना काय गमावते आणि गमावलेलं कसं परत मिळवते, हे त्यात सलग दिसतं. माझं म्हणणंही त्यातूनच आलेलं आहे: लढाई आणि लूट (शत्रूंकडून, पेट्यांतून मिळणाऱ्या वस्तू) वेगवेगळ्या माणसांकडे, वेगवेगळ्या फाइलींमध्ये सोपवून सुधारत नाहीत. लढाई खेळाडूसमोर अडचण उभी करते आणि लुटीत त्या अडचणीवरचा एखादा उपाय सापडतो. अडचणच नसेल तर उपाय कितीही चकचकीत करा, खेळाडू तो उचलून विकून टाकतो. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

पायरी १ : पहिल्या भागाची झडती

नवीन काही सुचायच्या आत जुना गेम पुन्हा सुरुवातीपासून खेळा आणि स्क्रीन रेकॉर्ड करा. नंतर ते रेकॉर्डिंग बघताना वहीत तीन गोष्टी लिहायच्या. कुठली हत्यारं प्रत्यक्षात वापरली, कुठली नुसती वाहून नेली, आणि प्रत्येक लढाईत कुठलं बटण सगळ्यात जास्त दाबलं. हे अजून दोन-चार जणांकडूनही करून घ्या. तुमच्या गेममध्ये चाळीस हत्यारं असतील आणि सगळ्यांनी मिळून सातच वापरली असतील, तर उरलेल्या तेहतीस हत्यारांवर तुमचे महिने गेलेले आहेत. हा आकडा पचवायला जड जातो, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

खेळाडूंच्या तक्रारी जपून वाचा. ‘लढाई कंटाळवाणी आहे’ या एका वाक्यामागे किमान तीन वेगळे दोष असू शकतात. शत्रूंची हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, जास्त आहे, किंवा एकच युक्ती सगळीकडे चालते, किंवा दोन लढायांमधलं अंतर इतकं आहे की माणूस दमूनच पोचतो. तीनही दोषांची दुरुस्ती वेगळी. तक्रार शब्दशः घेतली की काय होतं, तेही मास इफेक्टमध्येच दिसतं. ‘बॅग नको’ म्हणून दुसऱ्या भागात बॅग गेली. पण बंदुका सुधारण्यासाठी लागणारी खनिजं मिळवायला ग्रहांवरून स्कॅनर फिरवत बसावं लागलं. कंटाळा बॅगेतून उठला आणि ग्रहांवर जाऊन बसला. लोकांना खरं तर कमी वस्तू आणि त्यांच्यात ठळक फरक हवा होता.

पायरी २ : काठीची परीक्षा

आता गेममधली सगळी लूट बंद करा. नायकाच्या हातात एक साधी काठी द्या, समोर तीन साधे शत्रू सोडा आणि दहा मिनिटं खेळा. मजा येते का? येत नसेल तर कुठलीही जादुई तलवार ती मजा आणणार नाही.

काठी बेचव लागते, त्याचं कारण बहुतेक वेळा फटक्याच्या वेळेत असतं. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात: उगारणं, लागणं आणि सावरणं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने (पडद्यावरच्या चित्रांनी) चालत असेल तर एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. डोळ्यांना दिसून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. शत्रू १० फ्रेममध्ये हात उगारून मारत असेल, तर खेळाडू ते बघून टाळूच शकत नाही. तो फक्त अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकून मेला की गेमवर चिडतो. ते बरोबरच आहे. साध्या शत्रूचं उगारणं २५-३० फ्रेमचं ठेवून सुरुवात करा, मग हळूहळू खाली आणा.

नायकाचं उलटं. त्याने बटण दाबलं की काठी लगेच निघाली पाहिजे. वजन दाखवायचं असेल तर ते सावरण्यात दाखवा, उगारण्यात नाही. फटका बसला त्या क्षणी दोघांनाही तीन-चार फ्रेम जागच्या जागी थिजवा. एवढ्या छोट्या बदलाने फटका ‘लागल्यासारखा’ वाटतो. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही. तिसरी गोष्ट, आधीचा वार संपण्यापूर्वी खेळाडूने पुढचं बटण दाबलं तर ते विसरू नका; सहा फ्रेम, म्हणजे दहावा हिस्सा सेकंद, लक्षात ठेवून वार संपताच अमलात आणा. ‘कंट्रोल्स ऐकत नाहीत’ ही तक्रार मी बहुतेक वेळा इथेच मिटलेली पाहिली आहे.

गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हे सगळं एका रिकाम्या खोलीत, चौकोनी ठोकळ्यांना नायक आणि शत्रू मानून करता येतं. ठोकळ्यांशी लढताना मजा आली की मगच चित्रकाराला फोन करा.

पायरी ३ : शत्रूने काहीतरी मागितलं पाहिजे

पहिल्या भागातल्या शत्रूंची यादी काढा आणि प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा: हा शत्रू खेळाडूकडून काय वेगळं करून घेतो? ‘ढाल पुढे धरतो, म्हणून मागे जावं लागतं.’ ‘लांबून मारतो, म्हणून आडोसा शोधावा लागतो.’ ज्याच्यासमोर ‘जास्त हेल्थ आहे’ एवढंच लिहिता येतं, तो शत्रू नवीन नाही, जुनाच लांबवलेला आहे.

मास इफेक्टच्या दुसऱ्या भागाने हे सुरेख केलं. शत्रूंच्या हेल्थवर संरक्षणाचा थर आला आणि त्याचे तीन प्रकार केले: शिल्ड, बॅरियर आणि आर्मर. शिल्ड उतरवायला ओव्हरलोड, आर्मर जाळायला इन्सिनरेट, बॅरियर फोडायला वॉर्प, अशा वेगवेगळ्या शक्ती. थर शाबूत असेपर्यंत शत्रूला हवेत उचलून फेकण्याच्या शक्ती चालत नाहीत. तीन रंगांच्या पट्ट्या, पण त्यामुळे सोबत कुठले दोन साथीदार न्यायचे, हा निर्णय मोहिमेआधीच घ्यावा लागतो. पहिल्या भागात तो प्रामुख्याने आवडीनिवडीचा प्रश्न होता.

असा नियम आणताना तो टोकाला जाऊन पाहा. डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन या आरपीजीच्या पहिल्या भागात (२०१४) शत्रूला सुरुवातीलाच बधिर करून पाडणं फार सोपं होतं. दुसऱ्या भागात (२०१७) तो बनवणाऱ्या लेरियन कंपनीने शारीरिक आणि जादुई अशी दोन चिलखतं आणली. संबंधित चिलखत शून्यावर येईपर्यंत बधिर करणं, गोठवणं, पाडणं काहीच लागू होत नाही. आधीचा दोष गेला. पण टीममध्ये दोन तलवारवाले आणि दोन जादूगार असतील, तर अर्धी टीम एक चिलखत फोडते, अर्धी दुसरं, आणि एकमेकांच्या मेहनतीचा कुणालाच उपयोग नाही. चौघंही एकाच प्रकारचे घेतले तर लढाई सोपी. मला हा गेम मनापासून आवडतो, तरीही असं वाटतं की विविध टीम बांधायला सांगणाऱ्या गेमने एकसुरी टीमला बक्षीस द्यायला नको होतं. तुमचा नवा नियम लिहून झाला की स्वतःला विचारा: याचा गैरफायदा घ्यायचा तर सगळ्यात आळशी खेळाडू काय करेल?

पायरी ४ : आकडे आधी स्प्रेडशीटवर

इथे जरा थांबून काम करा. नवखे लोक सगळ्यात जास्त ठेच इथेच खातात, आणि ती ठेच कळायला कित्येक महिने लागतात.

शत्रूची हेल्थ १००, तलवारीचा डॅमेज २५. चार वारांत शत्रू पडतो. आता खेळाडूने अर्धा तास गुहा धुंडाळून १० टक्के जास्त डॅमेजची तलवार मिळवली. डॅमेज २७.५. किती वार लागतात? चारच. २० टक्के वाढवा, ३० होतो, तरी चारच. चाराचे तीन व्हायला डॅमेज ३४ लागतो, म्हणजे ३६ टक्के वाढ. याचा अर्थ, थोड्या वारांत शत्रू पडणाऱ्या गेममध्ये ‘+१०%’ असं लिहिलेली वस्तू ही हातात न जाणवणारी वस्तू आहे. खेळाडूला कारण सांगता येत नाही. तो म्हणतो, ‘लूट बोअर आहे.’

म्हणून स्प्रेडशीटमध्ये डॅमेजचा रकाना बघू नका, ‘किती वारांत पडतो’ हा रकाना करा. उभ्या ओळीत हत्यारं, आडव्या ओळीत शत्रू, आणि प्रत्येक चौकटीत वारांची संख्या, वर पूर्णांक करून. नवीन हत्यार आणल्यावर किमान दोन-तीन चौकटींतला आकडा बदलत नसेल तर ते हत्यार गेममध्ये जायला तयार नाही. शत्रूच्या बाजूनेही तसाच तक्ता करा: कुणाच्या किती वारांत नायक पडतो. माझ्या अंदाजाने साध्या शत्रूसाठी तीन ते पाच वार आणि नायकासाठी पाच ते आठ, इथून सुरुवात केली की हात बसायला मदत होते.

चिलखताचं सूत्रही तपासा. डॅमेजमधून चिलखत थेट वजा करणारं सूत्र सोपं दिसतं, पण त्याचा स्वभाव तापट असतो. चिलखत २० असेल तर २५ च्या तलवारीतून ५ उरतात आणि ३० च्या तलवारीतून १०. तलवार २० टक्क्यांनी सुधारली आणि परिणाम दुप्पट झाला. एक लेव्हल मागे असलेल्या खेळाडूचा वार शून्यावर येतो आणि गेम अडून बसतो. त्याऐवजी १०० भागिले (१०० अधिक चिलखत) या प्रमाणात डॅमेज गुणा. चिलखत १०० असेल तर निम्मं नुकसान, २०० असेल तर एक तृतीयांश. आलेख सौम्य राहतो आणि लेव्हलच्या फरकाने लढाई कोसळत नाही.

शेवटी, लेव्हलगणिक आकडे किती वेगाने वाढवायचे? कमीत कमी. दर लेव्हलला सगळं तीस टक्क्यांनी फुगवलं तर दहा लेव्हलांत ते जवळजवळ चौदापट होतं आणि काल मिळालेली सुंदर तलवार आज भंगारात जाते. जिच्यावर खेळाडूचं प्रेम बसतं, तिला दोन तासांत निकामी करू नका.

पायरी ५ : आता लूट

लूट हा शब्द इंग्रजीत हिंदीतून गेला आणि गेमच्या भाषेतून फिरून परत आपल्याकडे आला. दसऱ्याला आपण आपट्याची पानं देऊन सोनं लुटतो. पानाला बाजारात भाव नाही, पण ते कुणी दिलं आणि केव्हा दिलं यात त्याचं सोनं असतं. गेममधल्या वस्तूचंही तसंच आहे. कोणत्या शत्रूकडून, कोणत्या अडचणीनंतर आणि कशाच्या आधी मिळाली, यावर तिची किंमत ठरते. ज्या बॉसने, म्हणजे बड्या शत्रूने, तुम्हाला बर्फात गोठवून पाच वेळा मारलं, त्याच्याकडून बर्फाचा भाला मिळणं आणि तोच भाला रस्त्यातल्या पेटीत मिळणं, आकड्याने सारखं असलं तरी सारखं नाही.

प्रत्येक वस्तूसाठी एकच कसोटी ठेवा: ही हातात आल्यावर खेळाडू पुढची लढाई वेगळी खेळेल का? मास इफेक्टच्या तिसऱ्या भागात बंदुकांना वजन आलं. जड बंदुका घेतल्या की शक्ती परत वापरायला वेळ लागतो. एकच हलकं पिस्तूल घेतलं की शक्तींचा मारा करता येतो. शिवाय प्रत्येक बंदुकीवर दोन सुटे भाग चढवता येतात. पहिल्या भागातल्या ढिगापेक्षा इथे वस्तू कितीतरी कमी, पण प्रत्येक निवडीत काहीतरी सोडावं लागतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी (२०२०) हा आरपीजी नाही आणि त्यात लुटीचे ढीगही नाहीत. पण त्रिशूळ आणि धनुष्य हातात घेतल्यावर लढण्याची ढबच बदलते. चाळीस तलवारी काढण्याआधी अशी चार हत्यारं काढून बघा.

आता शक्यतेचं गणित. एखादी वस्तू मिळण्याची शक्यता १ टक्का ठेवली की नवख्याला वाटतं, शंभर शत्रू मारले की ती मिळेल. प्रत्यक्षात शंभर शत्रू मारूनही शंभरातल्या ३७ खेळाडूंचे हात रिकामे राहतात. तीनशे मारल्यावरही साधारण पाच जण रिकाम्या हातांनीच असतात, आणि तुमच्या गेमबद्दल सगळ्यात कडवट तेच बोलतात. यावर दोन उपाय आहेत. दर रिकाम्या प्रयत्नाला शक्यता थोडी वाढवत न्या आणि वस्तू मिळाली की मूळ आकड्यावर आणा. किंवा ठरावीक संख्येनंतर खात्रीने द्या. कथेसाठी लागणारी वस्तू मात्र कधीही नशिबावर सोडू नका.

लुटीवरचा सगळ्यात मोठा धडा डायब्लो या राक्षस मारायच्या गेमच्या तिसऱ्या भागाने दिला. मे २०१२ मध्ये तो आला तेव्हा त्यात लिलावघर होतं. खेळाडू एकमेकांकडून वस्तू विकत घेत, गेममधल्या सोन्याने आणि जूनपासून खऱ्या पैशांनीही. स्वतःच्या शत्रूंकडून मिळणारी बहुतेक लूट दुसऱ्याच क्लासच्या (नायकाच्या प्रकाराच्या) कामाची निघायची. त्यामुळे चांगलं हत्यार हवं असेल तर राक्षस मारण्यापेक्षा लिलावघरात बसणं फायद्याचं झालं. लढाई उत्तम होती, पण तिचं बक्षीस दुसऱ्याच दारात मिळत होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने लिलावघर बंद करण्याची घोषणा केली आणि १८ मार्च २०१४ रोजी ते बंद झालं. त्याआधी फेब्रुवारीत लुटीची नवी पद्धत आली: वस्तू कमी पडणार, पण बऱ्या पडणार, आणि तुमच्याच क्लासला साजेशा पडणार. अनेक लेजंडरी, म्हणजे दुर्मिळ, वस्तूंनी तर शक्तींचं वागणंच बदलायला सुरुवात केली. एवढी मोठी कंपनी इतकं मोठं पाऊल मागे घेते, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तुमच्या गेमसाठी साधा हिशोब मांडा. गेम २० तासांचा, अंगावर वस्तू घालायच्या जागा पाच, आणि प्रत्येक जागेवर खेळ बदलणारी वस्तू तीनदा. म्हणजे एकूण १५ मोठ्या वस्तू, सरासरी दर ८० मिनिटांना एक. ‘एवढंच?’ असं वाटेल. पण ८० मिनिटांनी मिळालेली ती वस्तू खेळाडू मित्राला फोन करून सांगेल. मधल्या वेळेला औषधं, बाण, कच्चा माल पुरेसा आहे.

पायरी ६ : बॅग

यावर फार लिहायला नको. एका वस्तूवर निर्णय घ्यायला दहा सेकंद लागतात असं धरा. तासाला ६० वस्तू पडल्या तर दहा मिनिटं बॅगेत गेली. कच्चा माल बॅगेत जागा न अडवता आपोआप मोजला जाऊ द्या. नवी वस्तू आणि अंगावरची वस्तू शेजारी शेजारी दिसू द्या. नको असलेलं एका बटणाने ‘भंगार’ म्हणून खुणावता येऊ द्या आणि सगळं एकदम विकता येऊ द्या. मास इफेक्टच्या पहिल्या भागाला नेमकी हीच सोय २०२१ च्या लेजंडरी एडिशन या सुधारित आवृत्तीत मिळाली, म्हणजे चौदा वर्षांनी.

औषधांच्या बाबतीत द विचर या आरपीजीकडे बघा. दुसऱ्या भागात औषध लढाईआधीच, ध्यानाला बसून प्यावं लागे; पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नसताना. तिसऱ्या भागात ते लढाईच्या मध्येही पिता येतं, आणि एकदा बनवलेलं औषध ध्यान करताना मद्य खर्चून पुन्हा भरतं. साठवून ठेवण्याचं कारणच संपलं.

पायरी ७ : जुन्या नायकाचं काय?

पहिल्या भागाच्या शेवटी नायक अजिंक्य झालेला असतो. दुसऱ्या भागात त्याला उंदरांशी लढायला लावलं तर खेळाडू दुखावतो. मास इफेक्टने दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच जहाज फोडलं, नायक शेपर्डला मारलं आणि दोन वर्षांनी पुन्हा उभं केलं. शक्ती आणि सामान का गेलं, याचं उत्तर कथेतच मिळालं. एवढं धाडस नको असेल तर निदान एक जुनं हत्यार नायकाकडे राहू द्या. ते सुरुवातीला पुरेसं असावं, आणि पुढे सुधारता यावं.

पायरी ८ : खेळताना बघा, बोलू नका

पाच जण बोलवा, गेम समोर ठेवा आणि मागे गप्प बसा. कुणी अडलं तरी सांगू नका. मला हे सगळ्यात कठीण जातं. आपण काय करून ठेवलंय ते समजावून सांगायला जीव तगमगतो. पण गेम विकला जाईल तेव्हा तुम्ही त्या घरात नसणार.

माझ्या एका छोट्या गेमच्या चाचणीला बारावीतला एक मुलगा आला होता. पहिल्याच पेटीत त्याला मी महिनाभर खपून केलेलं धनुष्य मिळालं. त्याने ते पाठीला लावलं आणि पुढचे तीन तास एकदाही वापरलं नाही. शेवटी मी विचारलं. तो म्हणाला, ‘दादा, बाण वीसच आहेत ना. बॉससाठी ठेवलेत.’ बॉससमोर तो गेला, तलवारीने लढला, आणि जिंकला तेव्हाही बाण वीसच होते. त्या रात्री मी बाणांचा आकडा काढून टाकला आणि त्याऐवजी धनुष्य ताणायला दोन सेकंद लागतील असं केलं, म्हणजे ताणताना जागा धरून उभं राहावं लागेल. पुढच्या रविवारी आलेल्या मुलीने पहिल्याच मिनिटात एका झाडामागे जागा धरली आणि धनुष्य ताणलं.